झोपलेल्या माना मोजणारा माणूस

“तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?”

हा प्रश्न ते कुणालाही विचारायचे. चेन्नईच्या टी. नगर बाजारात काल पाय ठेवायला जागा नव्हती असं सांगा, वर्गातली पोरं ऐकत नाहीत म्हणून कुरकुरा, नाहीतर एखाद्या मंत्र्याला शिव्या द्या, ते आधी सगळं ऐकून घ्यायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून मऊ आवाजात विचारायचे, “तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?” प्रश्न फौजदाराचा, पण विचारायची रीत आजाऱ्याची चौकशी करणाऱ्याची. त्यामुळे चिडताही यायचं नाही.

माझी तर पंचाईतच व्हायची. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे गोष्ट सांगणारा माणूस जागेवर हजर असलाच पाहिजे अशी काही अट नसते. मी रंगात येऊन काहीतरी सांगत असायचो आणि हा प्रश्न यायचा. मग मला कबूल करावं लागायचं की मी तिथे नव्हतो, माझा मेहुणा होता, आणि तोही जरा लांबच होता.

जपानमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी तांत्रिक महाविद्यालय आहे. तिथे ते यंत्रांची कंपनं, म्हणजे थरथर, शिकवायचे. निवृत्त झाल्यावर करारावर आमच्याकडे आले. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांनी मिळून एक ट्रस्ट केला आहे आणि त्या ट्रस्टचं आमचं कॉलेज. दहावी झालेल्या मुलामुलींना तिथे यंत्रावरचं काम शिकवतात. माझी बायको सुषमा बँकेत आहे. तिची बदली चेन्नईला झाली म्हणून मी तिच्यामागून आलो आणि या कॉलेजात संवादकौशल्य शिकवायला लागलो. संवादकौशल्य म्हणजे काय, हे मला आजही कुणाला नीट समजावून सांगता येत नाही. पगार मात्र वेळेवर होतो.

सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे गुरुजी. मीही तेच म्हणतो. ते मला घाटगे-सान, म्हणजे घाटगेसाहेब, म्हणायचे. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं.

ते आले त्या आठवड्यात मी त्यांना जेवायला बोलावलं. जपानी माणूस, त्यात बंदरावरचा, म्हणून मी सकाळी स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले. सुषमानं तळलेले, रश्शातले, असे दोन प्रकार केले. सेन्सेईंनी ताटाला वाकून नमस्कार केला आणि मासे सोडून सगळं खाल्लं. शेवटी सुषमानंच विचारलं. ते फार संकोचून म्हणाले की त्यांचं सगळं बालपण माशांच्या वासात गेलं, आता नको वाटतं. दहीभात असेल तर चालेल. नंतर सुषमानं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “अहो, तुम्ही संवादकौशल्यच शिकवता ना?”

त्यांच्या जुन्या कॉलेजात एक पद्धत होती. तिथल्या प्रत्येक शिक्षकानं, मग तो कुठल्याही विषयाचा असो, दरवर्षी स्वतः काहीतरी शोधून काढायचं आणि ते कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहायचं. विषयाचं बंधन नाही, मोठेपणाचंही नाही. गणिताच्या मास्तरांनी दुकानातल्या कागदी पिशव्यांच्या घड्यांवर लिहिलं. काँक्रीट शिकवणाऱ्यांनी धक्क्याच्या भिंतीतल्या भेगांवर. इंग्रजीच्या बाईंनी गावातल्या होड्यांची नावं जमवली, आणि बायकोचं नाव दिलेल्या होड्या जास्त की आईचं दिलेल्या, ते पाहिलं. व्यायामाच्या शिक्षकांनी पाण्यात उडी मारताना मुलं आधी कुठला डोळा मिटतात त्यावर लिहिलं. सेन्सेई हे चहाच्या टेबलावर सांगत होते आणि आम्ही सगळे ओठ दाबून हसू आवरत होतो.

“पण सेन्सेई, याचा उपयोग काय?” मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी दुसरं लिहितात.”

सेन्सेईंनी नोकरीतलं एकही वर्ष रिकामं जाऊ दिलं नव्हतं. आता ते कॉलेज दुसऱ्या मोठ्या कॉलेजात मिसळून टाकलं होतं आणि अंक बंद झाला होता. त्यांच्या मनात आलं, आपण इथे एक अंक काढू. प्रिन्सिपल साहेब चांगला माणूस. त्यांनी परवानगी दिली.

पहिला लेख मी दिला. ‘संवादकौशल्याची जागतिक परिमाणे’. भाताच्या कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत कॉम्प्युटरनं मला तो लिहून दिला होता. सेन्सेईंनी दोन दिवस घेऊन तो वाचला. मग माझ्या टेबलाशी आले, चष्मा वर गेला आणि प्रश्न आला.

“उभा नव्हतो,” मी म्हणालो. “बसलो होतो. घरी.”

त्यांनी लेख दोन्ही हातांनी मला परत दिला आणि वाकले. एखाद्याचं पडलेलं पाकीट परत करावं तसा.

मग मी खरंच संशोधन केलं, आणि ते माझ्या अंगावर आलं. मला तमिळमधला एकच शब्द येत होता, ‘सरी’, म्हणजे बरं, ठीक आहे. एवढ्या एका शब्दावर चेन्नईत किती दिवस निघतात, हा माझा विषय. निकाल उत्तम होता. ‘सरी’ म्हणत म्हणत मी नको असलेला कुकर घेतला, एका अनोळखी लग्नात जेवून आलो आणि आमच्या इमारतीच्या पाणी समितीचा सेक्रेटरी झालो. हे शेवटचं मला टँकरवाला सकाळी दार वाजवायला लागला तेव्हा कळलं. सेन्सेईंना माझा लेख फार आवडला. “तुम्ही तिथे होता,” ते म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

इंदुमती मॅडम आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवतात. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुनी आणि तमिळ हेलाची. ऐकताना वाटतं की आपल्याच घरातलं कुणीतरी फार लांबून बोलतंय. वेस्ट मांबलममध्ये त्यांचं दोन मजली घर आहे. खाली त्या आणि त्यांची आई, वर सेन्सेई भाड्यानं. मी मागच्या गल्लीत. मॅडमनी कॉफीवर लेख लिहिला. नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी, तिन्हींत केलेल्या डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेल्या कोऱ्या कॉफीची, चव वेगळी का लागते, हा विषय. आठवडाभर स्टाफरूममध्ये आम्ही पेले पुढे करून बसायचो. मला तिन्ही सारखेच लागत. “तुम्हा तिकडच्या लोकांना चहाच द्यायचा,” असं म्हणून मॅडमनी माझं मत गाळून टाकलं.

त्याच आठवड्यात कधीतरी मॅडमनी सेन्सेईंना सहज विचारलं, “जपानात घरी कोण असतं?”

“घर,” ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या पेल्यात आणखी थोडी कॉफी ओतली.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत आणखीही जपानी माणसं आहेत. ती मोठ्या इमारतींत राहतात आणि रविवारी गोल्फ खेळतात. सेन्सेई एकदा गेले आणि पुन्हा गेले नाहीत. त्यांचा रविवार वरच्या गच्चीत जायचा. खाली टँकर यायचा, बायका कळशांवरून भांडायच्या, इस्त्रीवाला मध्ये पडायचा आणि दोन्हीकडून बोलणी खायचा. सेन्सेई कठड्याला टेकून ऐकत. शब्द कळत नसत. मी एकदा म्हणालो, “कंटाळा येत नाही?” तर म्हणाले, “रोज तीच माणसं भांडतात. खूप छान.”

त्यांचा करार उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत होता. पुढे वाढवायचा की नाही हे ट्रस्टच्या हातात होतं. त्यांना राहायचं होतं, हे ते कधी बोलले नाहीत. पण गल्लीतल्या फुलवालीकडून तमिळ शिकायला त्यांनी सुरुवात केली होती, आणि एका दुपारी मला पंख्यांच्या दुकानात घेऊन गेले. चालू पंखा करकरत होता. थरथर शिकवणाऱ्या माणसाला करकर सहन होत नव्हती. दुकानदारानं एक पंखा दाखवून सांगितलं की हा खूप वर्षं टिकतो. सेन्सेईंनी त्या पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. “जूननंतर,” ते म्हणाले.

आता त्यांच्या स्वतःच्या लेखाकडे येतो.

मांबलम स्टेशनजवळच्या कोपऱ्यावरून सकाळी आम्हाला कंपनीची बस घ्यायची. आम्ही तिघे, आणि बाकी सगळे पहिल्या पाळीचे कामगार. ती माणसं पहाटे कुठून कुठून निघून, गाडी बदलून तिथवर आलेली असतात. बस सुटली की कुणी बटण दाबल्यासारखी झोपतात. तुम्हीही कधीतरी अशा बसमधून गेला असाल. डाव्या-उजव्या बाजूला नुसत्या लवंडलेल्या माना.

आपण अशा वेळी खिडकीबाहेर बघतो. सेन्सेई आत बघायचे. बस थरथरते, माना कलतात. कुठल्या थरथरीला कुठली मान कुठे कलते? त्यांनी कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक घेतला, त्याला दोरा बांधला, दोऱ्याला नट लटकवला. एक डोळा मिटून तो कोनमापक दुसऱ्या डोळ्यासमोर धरायचे, पुढच्या बाकावरची मान मोजायचे आणि बाकाचा नंबर आणि अंश मोबाईलमध्ये टिपायचे. चेहऱ्यावर भाव असा की देवाची मूर्ती घडवतायत.

एके दिवशी मुरुगन नावाचा एक दणकट कामगार मध्येच जागा झाला. वळून बघतो तर मागे एक डोळा मिटलेला जपानी माणूस त्याच्यावर काहीतरी रोखून बसलेला.

“एन्न सार इदु?” तो ओरडला. हे काय चाललंय सर, असं.

सेन्सेई गडबडले. मी मदतीला धावलो, हीच चूक. मुरुगननं मला एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यातले ‘कंपनी’ आणि बसमध्ये रोज कानावर पडणारा ‘तूक्कम’, म्हणजे झोप, एवढेच दोन शब्द मला कळले. मी पूर्ण आत्मविश्वासानं म्हणालो, “सरी, सरी.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी झोपलं नाही. सगळे ताठ. शाळेच्या फोटोला बसवल्यासारखे, डोळे विस्फारून. मागच्या बाकावरचा एकजण तर कच्ची मिरची चावत होता. तिसऱ्या दिवशीही तेच. सेन्सेई कोनमापक धरून बसत. दोरा आपला सरळ लोंबत राही.

“घाटगे-सान,” त्यांनी मला विचारलं, “रस्ता नवीन केला का?”

चौथ्या दिवशी इंदुमती मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या कामगार मुलींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

“सर, मुरुगनला तुम्ही काय बोललात?”

“काही नाही. सरी म्हटलं.”

“त्यानं विचारलं होतं, बसमध्ये कोण झोपतं ते कंपनी आता जपानी माणूस बसवून लिहून घेते काय. आणि तुम्ही हो म्हटलंत.”

“दोनदा,” मी म्हणालो.

“अय्यो,” मॅडम म्हणाल्या. “मज वाटलं होतं, तुम्ही फक्त कॉफीचंच असं करता.”

त्यांनी उभं राहून सगळ्या बसला तमिळमधून समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. त्यात नवल नव्हतं. मग सेन्सेईंनी मॅडमना काहीतरी विचारून घेतलं, ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं आणि चालत्या बसमध्ये दांडीला धरून उभे राहिले. कोनमापक वर धरला. “इदु कंपनीक्कु इल्ले,” ते म्हणाले. हे कंपनीसाठी नाही. पुन्हा एकदा म्हणाले, आणि वाकले. बस नेमकी वळली, त्यामुळे जरा जास्तच वाकले. मुलींना हसू आलं.

मग कोनमापक माझ्या हातात देऊन ते मुरुगनच्या शेजारी बसले आणि झोपले. नाटक नव्हतं. त्यांचं वयही झालं होतं आणि ते रोज पहाटे उठत होते. तोंड उघडं पडलं, चष्मा घसरला आणि हळूहळू कलत मान मुरुगनच्या खांद्यावर टेकली. मुरुगन आधी दुसऱ्याचं तान्हं मूल हातात दिल्यासारखा आखडून बसला. मग त्यानं चष्मा अलगद काढून स्वतःच्या खिशात ठेवला, आणि मागे बोलणाऱ्यांना खूण केली की जरा हळू.

कॉलेजच्या फाटकाशी ते जागे झाले. इतके लाजले की उतरताना तीनदा मुरुगनला वाकून नमस्कार केला. रस्त्यावर आल्यावर हळूच मला विचारलं, “किती अंश?”

कोनमापक माझ्याच हातात होता. मी मोजायचं विसरलो होतो.

“तुम्ही कुठे उभे होता?”

“शेजारीच,” मी म्हणालो. “बघत होतो.”

ते आपल्या गालावर, जिथे मुरुगनच्या शर्टाची शिवण उमटली होती, तिथे बोटं फिरवत चालत राहिले.

आठवडाभरात बस पुन्हा झोपायला लागली. आता तर एखादी मुलगी झोपण्याआधी सेन्सेईंकडे बघून मान डोलवायची, घ्या मोजून, अशी. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बस ज्या बाजूला ढकलते त्या बाजूला मान जायला हवी. तशी ती जात नव्हती. शेजारी ओळखीचं माणूस असेल तर मान त्याच्याकडे जायची, बस उलटीकडे ढकलत असली तरी. शेजारी परका असेल तर झोपेतसुद्धा ती खिडकीकडे जायची, लोखंडावर आपटायची, पण परक्या खांद्यावर पडायची नाही. एवढी वर्षं थरथर शिकवलेला माणूस, पण याचं गणित त्यांना बसवता येईना, आणि त्याचाच त्यांना आनंद झाला होता. “झोपलेल्या माणसाला कसं कळतं?” ते मला दिवसातून दोनदा विचारायचे, आणि मी संवादकौशल्याचा शिक्षक असल्यामुळे गप्प बसायचो.

लेख तयार झाला. प्रिन्सिपल साहेबांनी अंकाचा मसुदा ट्रस्टकडे पाठवला, आणि त्यासोबत सेन्सेईंचा करार वाढवावा अशी शिफारस. काही दिवसांनी ट्रस्टचे एक मॅनेजर आले. तरुण, नीटनेटका, अत्यंत गोड बोलणारा माणूस. मलाही बोलावलं, कारण असल्या बैठकीत कुणीतरी संवादवाला लागतो.

“सेन्सेई, तुमचं बसवरचं काम अप्रतिम आहे,” ते म्हणाले. “बाकीचं, कॉफी वगैरे, ठीक आहे. हे मोठं आहे. आम्हाला नुसता लेख नको, सगळी माहिती हवी. कुठली बस, कुठला बाक, किती झोप. बाक ठरलेले असतात, म्हणजे माणसं आम्ही शोधून काढू. आपण सगळ्या बसगाड्यांवर हे करू. तुम्ही तीन वर्षं राहा. पत्र तयार आहे.”

त्यांनी खरंच पत्र आणलं होतं. प्रिन्सिपल साहेबांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार.

सेन्सेईंनी विचारलं, “सगळ्यात जास्त झोपतो, त्याचं काय करायचं?”

“तो मशीनवर उभा राहायला योग्य आहे का, ते बघावं लागेल,” मॅनेजर म्हणाले. “त्याच्याच भल्यासाठी.”

सेन्सेईंनी टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं. पंख्याच्या दुकानात जसं पाहिलं होतं तसं नव्हे, चोरून, घाईनं. “उद्या सांगतो,” ते म्हणाले.

संध्याकाळी स्टेशनच्या कोपऱ्यावर उतरून आम्ही चालत निघालो. मी त्यांना पटवायला लागलो. माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते. म्हणालो, बाकांचे नंबर उलटेपालटे करून द्या. म्हणालो, एवढ्या माणसांत कोण शोधत बसतंय. म्हणालो, तुम्ही नाही दिलं तर ते दुसरा कुणी बसवतील, आणि तो वाकणार नाही. शेवटचा मुद्दा मला स्वतःलाच इतका आवडला की मी तो दोनदा सांगितला.

ते ऐकत होते. फुलवालीपाशी थांबले. तिनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं, त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं, ती हसली आणि तिनं त्यांचं चुकलेलं दुरुस्त केलं. त्यांनी दुरुस्त केलेलं पुन्हा म्हणून दाखवलं. मग आम्ही पुढे निघालो.

“घाटगे-सान,” ते म्हणाले, “मला राहायचं आहे.”

इतकं सरळ ते स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलले. मला वाटलं, पटलं वाटतं.

“तिकडे सकाळी दाराशी कुणी भांडत नाही,” ते म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. आजूबाजूला सगळे झोपलेले. त्यांनी मोबाईल काढला. बाकाचे नंबर, अंश, सगळी पानं ओळीनं वर सरकवत शेवटपर्यंत एकदा पाहिली. मग पुसायला सुरुवात केली. एका दमात पुसता आली असती. त्यांनी एकेक दिवस घेऊन पुसला. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण पुढच्या बाकावरची मुलगी झोपेत कुशीला वळली आणि मी तोंड मिटलं. 

मॅनेजरना त्यांनी सांगितलं, “माहिती होती. आज सकाळी पुसली.”

“मग लेखाचा आधार काय?”

“काही नाही. लेखही काढून घेतो.”

प्रिन्सिपल साहेबांनी खूप समजावलं. “सार, निदान लेख तरी राहू द्या. सगळं तुम्हीच उभं केलंत.” सेन्सेई म्हणाले, आधार नसलेला लेख इतरांचा परत केला, स्वतःचा कसा छापू? माझ्या जागतिक परिमाणांची आठवण त्यांनी काढली नाही. मला आपोआप झाली.

अंक निघाला. पातळ, निळ्या कव्हरचा. त्यात मॅडमची कॉफी आहे, माझी ‘सरी’ आहे, वर्कशॉपच्या मास्तरांचा कानस घासताना हाताला येणाऱ्या घट्ट्यांवरचा लेख आहे. सेन्सेईंचं काही नाही. नोकरीत लागल्यापासून त्यांचं ते पहिलं रिकामं वर्ष. त्यांनी प्रत्येकाचा अंक प्रत्येकाच्या टेबलाशी नेऊन दोन्ही हातांनी दिला. मला देताना म्हणाले, “पुढच्या वर्षी दुसरं लिहा.”

ट्रस्टचं पत्र आलं. फार सभ्य होतं. सहकार्याबद्दल आभार मानले होते.

ते गेले तेव्हा कॉलेजला सुट्टी लागली होती, ऊन मी म्हणत होतं. टॅक्सी दाराशी लागली. मॅडमच्या आईंनी त्यांना उभ्याउभ्याच कॉफी दिली. त्यांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, पेला स्वतः विसळून उपडा ठेवला. मी विमानतळावर येतो म्हणालो, तर म्हणाले, नको, तुमचा टँकर यायची वेळ झाली. आणि खरंच झाली होती.

कॉलेज उघडल्यावर मुरुगननं बसमध्ये मला विचारलं, जपान सार कुठे? आतापर्यंत मला थोडं तमिळ यायला लागलं होतं. मी म्हणालो, “ऊरुक्कु.” आपल्या गावी. मुरुगनला बरं वाटलं. म्हणाला, चांगलं झालं, एवढे दिवस घरची माणसं वाट बघत असतील. मग त्यानं हातांची घडी घातली आणि झोपला. सेन्सेई खरं का गेले, ते त्याला सांगायचं मी ठरवलं होतं. ते आजवर सांगितलेलं नाही.

परवा मॅडमनी मला वर बोलावलं. नवे भाडेकरू येणार होते, खोली दाखवायची होती. सेन्सेई गेल्यापासून त्या वर गेल्या नव्हत्या. दार उघडलं. फरशी लख्ख. नळाच्या तोटीवरचा पाण्याचा पांढरा थरसुद्धा खरवडून काढलेला. कपाटात कागद नाही, खिडकीत दोरी नाही.

“भिंतीत खिळे मारू का, म्हणून त्यांनी मज विचारलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “चार-पाच मारले होते. कॅलेंडर होतं, टोपी होती, एक फोटो होता.”

“कुणाचा फोटो?”

“मी नाही विचारलं.”

आम्ही भिंतीजवळ गेलो. खिळे नव्हते, आणि भोकंही नव्हती. त्यांनी ती बुजवली होती, घासली होती आणि वर भिंतीचाच रंग दिला होता. जुना, उन्हानं पिवळट पडलेला तो रंग त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. मी तळवा टेकवून भिंतीवरून फिरवायला लागलो. कुठेतरी खडबडीत लागेल, निदान एखादा उंचवटा.

“तिथे नाही,” मॅडम म्हणाल्या. “जरा वर.”

मी हात जरा वर नेला. मग आणखी डावीकडे. भिंत सगळीकडे सारखीच लागत होती.